आठव्या चौकोनात कोण बसतं? खो-खोचा संघ बांधताना

"संघात एकी नाही हो," अशी तक्रार घेऊन कुणी नवा प्रशिक्षक आला की मी आधी विचारते, तुमच्या आठव्या चौकोनात कोण बसतं, आणि तीच का? (पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी दोन खांबांमधल्या आठ चौकोनांत बसतात, नववी पळणारीच्या मागे धावते.) बहुतेक वेळा उत्तर येतं, "जी रिकामी असेल ती." मग एकी येणार कुठून? सिंहगडावर नेऊन पिठलं-भाकरी खाऊ घातल्याने ती येत नाही. (न्या जरूर, पोरी खूश होतात.) आपलं काम कोणतं आणि ते चुकलं तर कुणाचं अडतं, हे प्रत्येकीला कळलं पाहिजे. मग त्या आपसूक एकमेकींकडे बघायला लागतात.

मी पुण्यात धनकवडीत चौदा वर्षांखालच्या मुलींना खो-खो शिकवते, म्हणून उदाहरणं तिथलीच देते. १९१४ साली आपल्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधले, आणि या नियमांतच आपलं अर्धं काम झालेलं आहे. पाठलाग करणारीला मधली पाटी, म्हणजे दोन खांबांमधला पट्टा, ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत सोडता येत नाही. पळणारीला दोन्हीची मुभा. त्यामुळे तुमची सगळ्यात चपळ मुलगीसुद्धा एकटीच्या जोरावर फार गडी मारू, म्हणजे बाद करू, शकत नाही. खो द्यावाच लागतो.

तर सगळ्यात महत्त्वाचं काम, चौकोन वाटा. निदान महिनाभर ते बदलू नका. खांबाजवळच्या दोन जागांवर मी लांब हाताच्या, सूर मारायला न घाबरणाऱ्या मुली बसवते. मधल्या चौकोनांत चटकन उठणाऱ्या. जागा देताना कारण सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे "ताईंची लाडकी" ही कुजबुज बंद होते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपले दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोरीला आकाशीय सूरच (हवेत झेप घेऊन गडी मारणं) मारायचाय, चौथ्या चौकोनात बसायला कुणी तयार नाही.

त्यावर माझा उपाय म्हणजे वही. गुणपत्रिकेत गडी कुणी मारला तेवढंच दिसतं. मी त्याच्या शेजारी, कुणाच्या खोवर मारला तेही लिहून ठेवते. सूर मारून टाळ्या घेणारी एक, पण तिच्या आधी नेमक्या क्षणी खो देणारी दुसरी, आणि ही दुसरी बऱ्याचदा तीच चौथ्या चौकोनातली अबोल मुलगी निघते. नऊ जणी मैदानात असताना बाहेर बसलेल्यांकडे ही वही द्या. फाऊल कोणत्या चौकोनात झाला, उशिरा खो कुठे गेला, सगळं टिपायचं. बाटलीतलं पाणी एकमेकींवर उडवण्यापेक्षा बरं, आणि पुढच्या डावात त्या आत उतरतात तेव्हा त्यांना मैदान वाचता येत असतं.

बसलेल्या मुलीचं काम काय, हे शिकवायला मात्र वेळ द्या. खो मिळेपर्यंत बसायचं एवढंच त्यांना वाटतं. एक पाय मागे, एक पुढे, टाच उचललेली, बोटं जमिनीला टेकलेली आणि नजर पळणारीवर. शेजारच्या दोघींची तोंडं उलट बाजूला असतात, म्हणजे पाठीमागचं तिला मान वळवूनच बघावं लागतं. मी पाठलाग चालू असताना मध्येच शिट्टी फुंकते. सगळ्यांनी जागच्या जागी थांबून डोळे मिटायचे. मग एकीला विचारते, "तिन्ही गडी कुठे आहेत? बोट दाखव." सुरुवातीला बोटं भलतीकडेच जातात, हशा होतो. होऊ दे. पंधरवड्यात डोळे मिटूनही बोटं बरोबर जायला लागतात. त्यानंतर खो देणारीचं शिकवा. मागून, पाठीला हात आणि खणखणीत आवाज, दोन्ही एकदम. पुटपुटलेल्या खोवर कुणी उठत नाही.

पळतीच्या वेळी, म्हणजे आपला संघ पळत असताना, जबाबदारी वेगळी. तिघींची तुकडी बाद झाली की दोन खो व्हायच्या आत पुढच्या तिघींनी मैदानात यायचं असतं. म्हणून शेवटची एकच उरली की पुढच्या तुकडीतल्या एकीने बाकीच्या दोघींना उठवून रेषेपाशी उभं करायचं. हे काम नेमून द्या. "सगळ्यांनी लक्ष ठेवा" म्हटलं की कुणीच ठेवत नाही.

सामन्यानंतर गोल करून बसतो. नियम एकच, वाक्य 'मी'पासून सुरू करायचं. "हिने उशिरा खो दिला" चालत नाही, "मी उठायला उशीर केला" चालतं. पहिल्या सामन्यांनंतर सगळ्या गप्प बसतात. तुम्ही भाषण देऊन ती शांतता भरू नका.

पालकांचं थोडक्यात सांगते. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी पाठवणारे असतात, त्यात गैर काही नाही. फक्त क्लासची वेळ आधी विचारून घ्या, म्हणजे ऐन स्पर्धेच्या तोंडावर तीन मुली गायब होत नाहीत.

उशिरा येणारीसाठी सगळ्या संघाला मैदानाला फेऱ्या मारायला लावणारे प्रशिक्षक मी पाहिलेत. त्याने एकी होत नाही, त्या पोरीवर राग धरला जातो. माझ्याकडे फक्की मारायची (पांढऱ्या भुकटीने मैदानाच्या रेषा आखायची) पाळी ठरलेली आहे. पाळीवाली आली नाही तर रेषा मी मारत नाही, दुसरीला मारू देत नाही. सराव रेषांविना सुरू होतो, पाटी कुठे संपते यावरून भांडणं होतात, आणि ती आली की सगळ्या एका सुरात ओरडतात, "आधी फक्की घे!"

नवा संघ हातात घेतला असेल तर इथूनच सुरुवात करा. पाळ्यांचा कागद उद्याच लावा, चौकोन दोन-तीन सराव बघून मग वाटा.