उद्यमबागला गाडी नेण्याआधी: ब्रेक पेडलची घरची तपासणी

बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला किंवा चन्नम्मा सर्कलच्या गर्दीत पेडल वेगळं लागलं, तर उद्यमबागच्या गॅरेजात "ब्रेक बघा" एवढंच सांगू नका. आधी पॅड बदलले जातील, तक्रार तशीच राहील. पेडल बसतं, मऊ लागतं, कडक होतं की धडधडतं, आणि नेमकं कधी, हे घरीच पक्कं करा.

आधी बॉनेट उघडा. ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरली असेल तर बहुधा पॅड झिजलेत. झपाट्याने उतरली असेल तर गळती आहे; चाकांच्या आतल्या बाजूला आणि पेडलमागे ओल शोधा. नुसतं वरून भरून गप्प बसू नका.

मग सपाट जागी, इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा आणि हलक्या पायाने अर्धा मिनिट धरा. बाहेर गळती नसताना ते खाली सरकत गेलं, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाच्या) आतले रबर सील गेलेत. पाय हलकाच हवा: जोरात दाबलं की सील घट्ट बसतं आणि दोष लपतो. आता पाय न काढता इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली जायलाच हवं. पुष्कळजण यालाच बिघाड समजतात, पण ती बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीने पायाचा जोर वाढवणारा भाग, चालू असल्याची खूण. हललंच नाही तर व्हॅक्यूम पाइप, त्याचा व्हॉल्व्ह, मग बूस्टर या क्रमाने तपासायला सांगा. गर्दीत लागोपाठ ब्रेक मारल्यावर पेडल कडक होत असेल तरीही हाच क्रम, कारण साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पुरेसा भरून येत नाही.

लागोपाठ दाबल्यावर पेडल वर येऊन टणक लागलं तर मागच्या ड्रमचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) सेट करायचे असतात. वर येऊनही लिबलिबीत राहिलं तर ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे. चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळी गावात पोचताना पेडल मऊ, थंड झाल्यावर पूर्ववत, असं होत असेल तर ऑइलने पाणी शोषलंय. दोन वर्षांनी ते बदलावंच, झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं, सीलबंद बाटलीतलं.

कोरड्या रस्त्यावर अगदी थांबता थांबता धडधड झाली तर एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) चाकावरचा सेन्सर किंवा त्याची गंजलेली रिंग बघा. खानापूरकडच्या पावसाळी चिखलानंतर तर नक्कीच. वेगात ब्रेक दाबताना थरथर होत असेल तर डिस्क बघा.

पेडल तळाला टेकत असेल, तर गाडी चालवत नेऊ नका, टोइंग बोलवा.