फक्त कॉमन पत्ते घेऊन स्पर्धेला कसं उतरावं

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धेला पहिल्यांदा जाणाऱ्याचा हमखास एक घोळ होतो. तो इंटरनेटवर जिंकलेला एखादा डेक (खेळायचा पत्त्यांचा संच) बघतो, त्यातले महागडे पत्ते गाळतो आणि त्या जागी 'साधारण तसंच काम करणारे' स्वस्त पत्ते भरतो. मीही हेच केलं होतं. पहिल्या रविवारी तीन फेऱ्या खेळलो, तिन्ही हरलो. डेक स्वस्त होता म्हणून नव्हे. तो दुसऱ्याच डेकची अर्धवट नक्कल होता म्हणून. गाडीचं इंजिन परवडत नाही म्हणून तिथे स्कूटरचं बसवलं, तर ना गाडी चालते ना स्कूटर.

तेव्हा असा डेक निवडावा, ज्याची सगळ्यात चांगली आवृत्तीच स्वस्त आहे.

आधी प्रकार ठरवा: पॉपर

पॉपर या प्रकारात डेकमधला प्रत्येक पत्ता कधी ना कधी 'कॉमन' (सगळ्यात सहज मिळणारा) म्हणून छापलेला असावा लागतो. हा खेळ आधी ऑनलाइन रुजला. २०१९ मध्ये खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने कागदी पत्त्यांसाठीही एकच अधिकृत यादी केली. किमान ६० पत्ते, शिवाय १५ पर्यंत पत्त्यांचा साइडबोर्ड (डावांच्या मधे बदलायचे पत्ते), आणि साधे लँड (माना, म्हणजे पत्ते खेळायची ताकद देणारे पत्ते) सोडले तर एका नावाचे जास्तीत जास्त चार. दरवर्षी पत्ते बाद होत नाहीत, म्हणजे आज घेतलेला डेक पुढच्या दिवाळीतही चालतो. मध्यमवर्गीय माणसाला यापेक्षा काय हवं!

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पत्ता कुठल्याही संचात एकदा कॉमन आला असला की पुरे, तुमच्या हातातली प्रत अनकॉमन असली तरी हरकत नाही. लाइटनिंग बोल्टचंच तसं आहे. दुसरं म्हणजे बंदीची यादी पाहिल्याशिवाय खरेदी करू नका. जुन्या डेकयाद्यांत मोनॅस्टरी स्विफ्टस्पिअर सर्रास दिसते, पण २०२३ मध्ये पॉपरमध्ये तिच्यावर बंदी आली. स्क्रायफॉल या वेबसाइटवर प्रत्येक पत्त्याच्या पानावर तो कुठल्या प्रकारात चालतो ते लिहिलेलं असतं.

आणि जाण्याआधी आयोजकांना एक मेसेज टाका: प्रकार कोणता, डेकची यादी लिहून द्यायची का, प्रवेश फी किती. पॉपरचा डेक घेऊन कमांडर या दुसऱ्याच प्रकाराच्या टेबलावर पोहोचलेला माणूस मी पाहिला आहे. तीन तास तो इतरांचा खेळ बघत बसला.

डेक: लाल आणि सरळ

मी सुचवतो तो डेक म्हणजे 'बर्न'. समोरच्याचे २० लाइफ (शून्य झाले की तो हरला), तुमचा बहुतेक प्रत्येक पत्ता ३ चा घाव घालतो. सात घाव म्हणजे २१. पहिली चाल तुमची असेल तर चौथ्या टर्नपर्यंत तुम्ही दहा पत्ते पाहिलेले असता. त्यात तीन लँड आणि सात घाव आले की हिशोब संपला.

लाइटनिंग बोल्ट, चेन लाइटनिंग, लाव्हा स्पाइक, रिफ्ट बोल्ट, स्क्यूअर द क्रिटिक्स, फायरब्लास्ट, सिअरिंग ब्लेझ हे सगळे चार-चार. प्राण्यांमध्ये थर्मो-अल्केमिस्ट, केल्डन मरॉडर्स आणि घीटू लाव्हारनर, तेही चार-चार. नीडल ड्रॉप दोन. उरलेले १८ माउंटन, म्हणजे लाल माना देणारे लँड. झाले ६०.

चेन लाइटनिंग महाग पडलं तर लाइटनिंग स्ट्राइक घ्या. काम तेच, एक माना जास्त.

चार-चारचा हट्ट का, तर गणितासाठी. चार प्रती असलेला पत्ता पहिल्या सात पत्त्यांत दिसण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते, एकच प्रत असेल तर १२ टक्के. घरात सापडला म्हणून एखादा भारी रेअर पत्ता एकटाच घुसवण्याचा मोह कुठल्याही प्रकारात होतो. पॉपरमध्ये निदान तो नियमानेच टळतो.

खरेदी सुट्या पत्त्यांचीच करा. बूस्टर (पत्त्यांची बंद पाकिटं) फोडून डेक बनवणं म्हणजे साखर हवी म्हणून ऊस लावणं. परदेशातून मागवलं तर पत्त्यांपेक्षा टपालखर्च आणि ड्युटीच जड होते, म्हणून तीन-चार जणांनी मिळून एकच ऑर्डर टाकावी. अनोळखी माणसाकडून महागातला पत्ता घेत असाल तर भिंगातून मागची बाजू बघा. तिथल्या हिरव्या ठिपक्यात इंग्रजी एल अक्षराच्या आकारात चार बारीक लाल टिंबं असतात. नकली पत्त्यांत ती बहुधा विस्कटलेली किंवा गायब असतात.

फॉइल (चकाकणारे) पत्ते स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते पापडासारखे वळतात. वळलेला पत्ता गड्डीत पाठीमागून ओळखू येतो, आणि ओळखू येणारा पत्ता म्हणजे 'मार्क्ड कार्ड'. त्यावरून जज तुम्हाला खुशाल टोकू शकतो. स्लीव्ह (पत्त्यांची कव्हरं) मात्र चांगल्या, अपारदर्शक आणि साइडबोर्डसकट सगळ्या एकाच पाकिटातल्या घ्या. काटकसर करण्याची ती जागा नव्हे.

एकट्याने वीस डाव

स्पर्धेआधी समोर कोणी नसताना खेळा. पत्ते पिसा, सात उचला आणि कितव्या टर्नला २० पूर्ण होतात ते वहीत लिहा. पत्ते अजून आले नसतील तर जुन्या पत्त्यांवर चिठ्ठ्या लावूनही चालेल, पण त्या घरापुरत्याच. अधिकृत स्पर्धेत असल्या प्रती चालत नाहीत.

वीस डावांत हाताला काही सवयी लागतात. स्क्यूअर द क्रिटिक्स एका मानात पडावं म्हणून त्याच टर्नमध्ये आधी समोरच्याचं थोडं तरी लाइफ गेलेलं हवं, म्हणजे आधी बोल्ट, मग स्क्यूअर. सिअरिंग ब्लेझला समोर प्राणी हवा आणि त्याच टर्नमध्ये तुमचा लँड उतरलेला हवा, म्हणून हातात ब्लेझ असेल तर लँड उगाच घाईने टाकायचा नाही. थर्मो-अल्केमिस्ट आडवा केला, म्हणजे वापरला, की १ चा घाव बसतो, आणि तुम्ही इन्स्टंट (कधीही खेळता येणारा पत्ता) किंवा सॉर्सरी (फक्त आपल्या टर्नला खेळायचा) खेळलात की तो पुन्हा उभा राहतो. म्हणून आधी तो आडवा करायचा, मग बोल्ट टाकायचा, मग पुन्हा आडवा. क्रम उलटा केलात तर दर वेळी एक लाइफ फुकट जातं.

आणि फायरब्लास्ट. हा पत्ता एरवी सहा मानाचा आहे, पण त्याऐवजी दोन माउंटन बळी देऊनही खेळता येतो आणि ४ चा घाव बसतो. ते माउंटन आडवे असले तरी चालतात, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. समजा तुमच्याकडे दोनच माउंटन आहेत आणि समोरचा १० लाइफवर निवांत बसला आहे. एक माउंटन आडवा, बोल्ट, ७. दुसरा आडवा, लाव्हा स्पाइक, ४. आता तुमच्याकडे माना नाही म्हणून तो पत्ते आवरायला लागतो, आणि तेच दोन आडवे माउंटन उचलून तुम्ही कचऱ्याच्या ढिगात टाकता. शून्य. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा समोरच्या काकांनी पत्ता हातात घेऊन दोनदा वाचला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

पहिले सात पत्ते

१८ लँडच्या डेकमध्ये पहिल्या सातांत शून्य किंवा एकच लँड येण्याची शक्यता जवळजवळ ३१ टक्के आहे, तेव्हा हा प्रश्न प्रत्येक स्पर्धेत पडणारच. एक लँड आणि बाकी सगळे एका मानाचे घाव असा हात आला, तर चाल कोणाची ते बघा. समोरच्याची पहिली चाल असेल तर दुसऱ्या टर्नपर्यंत तुम्ही दोन पत्ते उचलता आणि दुसरा लँड मिळण्याची शक्यता ५४ टक्के होते. हात ठेवा. पहिली चाल तुमची असेल तर ती फक्त ३२ टक्के. परत करा. २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे पुन्हा सातच पत्ते मिळतात, फक्त एक गड्डीच्या तळाशी घालावा लागतो. सहा पत्त्यांचा नीटस हात सात पत्त्यांच्या नवसापेक्षा बरा.

घाव कोणावर?

नवखा खेळाडू समोर प्राणी दिसला की त्यावर बोल्ट टाकतो. स्वतःला विचारा, हा प्राणी डाव संपेपर्यंत माझं ३ पेक्षा जास्त नुकसान करणार आहे का, किंवा समोरच्याचं लाइफ वाढवणार आहे का? नसेल तर घाव थेट माणसावर. निळ्या डेकपुढे इन्स्टंट शक्यतो त्याच्या टर्नच्या शेवटी खेळा. तो ते थोपवण्यात माना घालवेल आणि तुमच्या टर्नला मोकळा रस्ता मिळेल.

साइडबोर्ड

प्रत्येक फेरी जास्तीत जास्त तीन डावांची असते, आणि दुसऱ्या डावापासून लोक तुमच्यावर तुटून पडतात. निळ्या डेकसाठी पायरोब्लास्ट आणि रेड एलिमेंटल ब्लास्ट, आर्टिफॅक्टवाल्या अफिनिटीसाठी स्मॅश टु स्मिदरीन्स, मेलेल्या पत्त्यांवर जगणाऱ्या डेकसाठी रेलिक ऑफ प्रोजेनिटस. पांढरा डेक प्रिझमॅटिक स्ट्रँड्स टाकून एका रंगाचं सगळं नुकसान अडवतो. त्यावर फ्लेअरिंग पेन हा उतारा आहे, दोन प्रती ठेवाच. हिरव्या डेकच्या वेदर द स्टॉर्मवर मात्र माझ्याकडे खात्रीचा उपाय नाही. तुम्ही एका टर्नमध्ये जितके पत्ते खेळाल तितकं ते फुगतं, म्हणून अशा माणसापुढे घाव साठवून एकदम टाकू नका, दर टर्नला एक-दोन टाका.

स्पर्धेच्या दिवशी

लाइफ फाशावर मोजू नका, कागदावर लिहा. फासा कोणाच्या तरी कोपराने उलटतोच, आणि मग १३ होते की १६ यावर वाद. वडापाव खाऊन झाल्यावर हात धुवा, समोरच्याचे पत्तेही तुम्हाला पिसायचे असतात. रिफ्ट बोल्ट पुढच्या टर्नसाठी बाजूला ठेवलात की त्यावर एक नाणं ठेवा, नाहीतर पुढच्या टर्नला तो विसरलाच म्हणून समजा. घोटाळा झाला तर आपापसात मिटवू नका, हात वर करून जजला बोलवा. त्यात भांडखोरपणा काही नाही.

फेऱ्या स्विस पद्धतीच्या असतात. जिंकलात तर ३ गुण, बरोबरीला १, आणि हरलात तरी बाहेर पडत नाही. एक फेरी ५० मिनिटांची असते, पण बर्नचे डाव बहुधा वीस मिनिटांत आटोपतात. उरलेल्या वेळात चहा मारता येतो, शिवाय बाकीच्या टेबलांवर कोण काय खेळतंय ते उभ्याउभ्या बघता येतं. पुढच्या फेरीत तो समोर आला तर साइडबोर्ड आधीच डोक्यात तयार असतो.

बक्षीस म्हणून बहुतेक ठिकाणी बूस्टरच मिळतात. शहाणा माणूस ते न फोडता विकतो किंवा साइडबोर्डच्या पत्त्यांवर बदलून घेतो. मी फोडतो, आणि आधी कॉमन बघतो.