कृत्रिम फुप्फुसाची चाचणी घेताना या चुका टाळा

प्रत्यारोपणासाठी फुप्फुस मिळेपर्यंत माणूस जगवायचा, तर ऑक्सिजनेटर, म्हणजे रक्तात ऑक्सिजन भरणारं हे कृत्रिम फुप्फुस, आठवडेच्या आठवडे चालायला हवा. सहा तासांच्या चाचणीत छान चालला म्हणून खूश होऊ नका.

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो रक्ताचा. ‘मिनिटाला इतके मिलिलिटर ऑक्सिजन दिला’ असं अभिमानानं लिहिलेलं असतं, पण आत जाणारं रक्त कसं होतं याची नोंदच नसते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. मिनिटाला ५ लिटर रक्त ६५ टक्के संपृक्ततेनं (म्हणजे ६५ टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजननं भरलेलं) आत गेलं आणि १०० टक्क्यांनी बाहेर आलं, तर हिमोग्लोबिन १२ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) असताना २८१ मिलिलिटर भरतात आणि १५ असताना ३५२. यंत्र तेच, आकडा मात्र फुगलेला! म्हणूनच आयएसओ ७१९९ या मानकात हिमोग्लोबिन १२, संपृक्तता ६५ टक्के आणि तापमान ३७ अंश असं ठरवून दिलं आहे. चाचणी सुरू होण्याआधी आणि मधूनमधून हे मोजा, आणि मोजलेलं लिहा.

दुसरी चूक गुठळ्यांची. सायट्रेट घातलेलं रक्त गोठत नाही, कारण सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यात ‘गुठळी झाली नाही’ या निष्कर्षाला काय अर्थ? त्यासाठी मेंढीवरची दीर्घ चाचणीच हवी. तिथेही आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या रक्ताच्या दाबातला फरक नुसता पाहू नका. गुठळ्यांनी तो वाढतो खरा, पण प्रवाह घटला की फरकही घटतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. दोन्ही एकत्र पाहा. शेवटी यंत्र उघडून कोपरे तपासा, रक्त रेंगाळतं ते तिथेच.

ऑक्सिजन अचानक कमी झाला की लगेच यंत्र बदलायला धावू नका. ज्यांच्या आतून गॅस वाहतो त्या पोकळ तंतूंत, म्हणजे फायबरमध्ये, पाणी साचलं असेल. फायबरमधून सोडलेला हा गॅस (स्वीप गॅस) काही सेकंद वाढवून बघा. आकडा सुधारला तर दोष पाण्याचा. गॅसच्या तोंडातून पिवळसर फेस येत असेल तर प्लाझ्मा झिरपतोय. सूक्ष्म छिद्रांच्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या फायबरमध्ये हे घडतं, म्हणून दीर्घ वापरासाठी पॉलिमिथाइलपेंटीन हे दुसरं प्लास्टिक घेतात.

पंपाविना, उजव्या हृदयाच्या जोरावर चालणारं यंत्र असेल तर रक्ताच्या वाटेतला रोध अगदी कमी लागतो.

आणि गॅस बाहेर पडण्याचं तोंड कधीही, क्षणभरही बंद करू नका. गॅसचा दाब रक्तापेक्षा वाढला की बुडबुडे थेट रक्तात जातात.