नळाला प्रेशरच नव्हतं, शेवटी असं सुटलं (माझा अनुभव)

लॉबीत संगमरवर, जिम, स्विमिंग पूल सगळं आहे पण आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधे शॉवरला नुसती करंगळीएवढी धार, आणि मॅनेजमेंटला फोन केला की "प्लंबर पाठवतो", मग ॲपवर कम्प्लेंट परस्पर क्लोज, तीन महिने हेच, खूप संताप व्हायचा. नळाची जाळी काढून साफ केली, फरक शून्य. मग १० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोबाईलवर मोजलं, साडेचार मिनिटं! वरच्या-खालच्या भाडेकरूंनाही मोजायला लावलं तर ९ ते १२ मजल्यांवर सगळीकडे तेच, आठव्यावर मात्र मिनिटभरात बादली भरते. म्हणजे दोष घरातला नाहीच. उंच बिल्डिंगमधे बरेचदा काही मजल्यांना मिळून एक प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह असतो, त्याच्या गाळणीत कचरा अडकला की त्या सगळ्या मजल्यांचं पाणी मंदावतं. हे तारीखवार लिहून, व्हिडिओ जोडून, ११ जणांच्या नावाने मॅनेजमेंट आणि आपापल्या घरमालकांना एकाच ईमेलवर पाठवलं (घरमालकाला घ्याच, त्याचं ऐकतात). चौथ्या दिवशी गाळणी उघडली, गंज आणि वाळूने गच्च. आता बादली ५० सेकंदात भरते. लिफ्ट बंद पडते त्याच्याही तारखा लिहायला घेतल्यात.