जुन्या अमेरिकन कॉलेज-कोचची कारकीर्द कशी मांडावी

बेसबॉल आणि (अमेरिकन) फुटबॉल दोन्ही संघ एकाच कोचकडे असले, तरी तक्ते दोन करा. फुटबॉल शरदात, बेसबॉल वसंतात. म्हणून 1921-22 या शैक्षणिक वर्षातला फुटबॉल हंगाम 1921चा, बेसबॉलचा 1922चा. घोळ नेमका इथेच होतो: वर्ष एकाने सरकतं आणि आधीच्या कोचचे विजय याच्या खात्यात पडतात.

क्रम विजय-पराभव-बरोबरी असा ठेवा. विजयाचं प्रमाण काढताना बरोबरी म्हणजे अर्धा विजय. 50-30-6 असेल तर 53 भागिले 86, म्हणजे .616; बरोबरी गाळलीत तर .625 येतं, आणि ते कोचला फुकटचं श्रेय आहे. वरच्या श्रेणीच्या फुटबॉलमध्ये 1996पासून निकाल लागेपर्यंत जादा वेळ आहे, त्यानंतर बरोबरी दिसली तर नोंद पुन्हा तपासा. बेसबॉलमध्ये मात्र अंधार-पावसाने सामना बरोबरीत थांबतो; ती नोंद खोडू नका.