मुलांसाठी चंद्राचे पुस्तक निवडताना

दुकानात चंद्राचे पुस्तक हातात घेतले, की मजकुराआधी चित्रे पाहावीत, कारण या पुस्तकांतल्या चुका बहुधा चित्रांतच असतात आणि त्या ओळखण्यासाठी खगोलशास्त्र शिकलेले असावे लागत नाही. कोरीच्या दोन टोकांच्या मधोमध चांदणी काढलेली असेल, तर चित्रकाराने आकाश पाहिलेले नाही असे समजावे; तो काळोखा भागही चंद्रच असतो आणि त्याच्या आरपार चांदणी दिसत नाही. घड्याळात रात्रीचे अकरा वाजले आहेत आणि खिडकीत बारीक कोर आहे, हे चित्रही चुकीचेच, कारण द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर दोनेक तासांत मावळते आणि वद्य पक्षातली कोर पहाटे उगवते. घरातल्या आजीला हे पुस्तकाविना ठाऊक असते. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणूनच तिचा संकष्टीचा उपास रात्री नऊच्या सुमारास सुटतो आणि नेमकी वेळ कॅलेंडरवर छापलेली असते.

उभी कोर दिसली म्हणून मात्र पुस्तक परत ठेवू नये. उत्तरेकडच्या देशांत ती बरीच उभी दिसते. मुंबईत फाल्गुन-चैत्रात दादर चौपाटीवरून पाहिली, तर ती होडीसारखी आडवी असते. एवढे मुलाला सांगितले की पुरे.

खरी परीक्षा कलांच्या पानावर होते. पृथ्वीची सावली पडल्यामुळे चंद्र लहानमोठा दिसतो, असे तिथे लिहिले असेल तर ते पुस्तक घेऊ नये, कारण सावली पडते ती फक्त चंद्रग्रहणात. एरवी चंद्राचा अर्धा भाग सूर्याने उजळलेलाच असतो आणि त्यातला किती आपल्याकडे वळलेला आहे, यावर कला ठरते. हे वाचून समजत नाही, करून पाहावे लागते. आमच्या घरी एका खोलीत अंधार करून एकच बल्ब लावला, पेन्सिलीच्या टोकाला लिंबू टोचले आणि मुलीला ते डोक्याहून जरा उंच धरून जागच्या जागी गोल फिरायला सांगितले. बल्बकडे पाठ होताच लिंबू पूर्ण उजळले, तेव्हा ‘पौर्णिमा!’ असे ती स्वतःच ओरडली.

अंतराच्या बाबतीत जवळजवळ सगळीच पुस्तके फसवतात, कारण पानाला तेवढी रुंदीच नसते. पृथ्वी क्रिकेटच्या चेंडूएवढी मानली, तर चंद्र साधारण २ सेंटिमीटरचा, म्हणजे बोराएवढा होतो आणि तो चेंडूपासून सुमारे सात फुटांवर ठेवावा लागतो; आपल्या खोल्यांत तेवढी जागा निघते.

आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी पुस्तक घेताना छपाईचे वर्ष पाहावे. चंद्र पूर्ण कोरडा आहे, असे सांगणारी पुस्तके चांद्रयान-१ च्या निरीक्षणांतून २००९ मध्ये पाण्याचे रेणू आढळण्याआधीची असतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरलेले ‘विक्रम’ त्यांत असणे तर शक्यच नाही. चार वर्षांच्या मुलाला यातले काहीच नको. त्याला चांदोमामा आणि त्याच्यावरचा ससा पुरतो. तो ससा म्हणजे थिजलेल्या लाव्हाची काळी मैदाने, हे पुढे कधीतरी सांगता येईल.

पुस्तक जूनमध्ये आणले, तर आकाशाशी ताडून पाहणे कोजागरीपर्यंत लांबते. तोवर लिंबावर भागवावे.