रबाळेला मीटर वाचायला जायच्या आदल्या रात्री

उद्या सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून रबाळे एमआयडीसीत एनर्जी मीटर (वीज मोजणारं मीटर) लॅपटॉपला जोडून मॉडबसने, म्हणजे तारेवरून आकडे मागायच्या पद्धतीने, वाचायला जाणार असाल तर बॅग आजच भरा. लॅपटॉप, यूएसबी-आरएस ४८५ कन्व्हर्टर (मीटरची तार लॅपटॉपला जोडणारा), बारीक स्क्रू ड्रायव्हर, मल्टीमीटर, आणि मीटरच्या नेमक्या मॉडेलचं मॅन्युअल डाउनलोड करून, कारण पॅनल रूममध्ये नेटवर्क मिळेलच असं नाही. मॅन्युअलमध्ये फंक्शन (वाचायच्या कमांडचा नंबर) ३ आहे की ४, रजिस्टरचा, म्हणजे आकडा ठेवलेल्या खणाचा, पत्ता एकपासून मोजलाय का (४०००१ असेल तर वायरवर तो ० जातो) आणि फ्लोट (दशांश आकडे) कुठले, इंटिजर (पूर्णांक) कुठले, एवढं खूण करून ठेवा.

आता खरं काम. मॉडबसचं रजिस्टर १६ बिटांचं, फ्लोट ३२ बिटांचा, म्हणजे दोन रजिस्टरं लागतात, आणि त्यातलं वरचं (मोठ्या किमतीचं) अर्धं आधी की खालचं हे स्टँडर्डने ठरवलेलंच नाही, त्यामुळे ज्याची त्याची पद्धत वेगळी. अंदाज लावत बसू नका, फ्रिक्वेन्सी वाचा. आपल्याकडे ती ५० हर्ट्झच्या आसपासच असते, आणि ४९.७५ ते ५०.२५ च्या मध्ये असली की वरचं रजिस्टर १६९६७ नाहीतर १६९६८ च येतं. हे दोन आकडे वहीत लिहून न्याच! पहिल्या जागी दिसले तर क्रम सरळ, दुसऱ्या जागी दिसले तर रजिस्टरं उलटी, आणि १८२४२ किंवा १८४९८ दिसलं तर आतले बाइटसुद्धा उलटे आहेत.

दोन रजिस्टरं जोडून फ्लोट बनवणारा कोड घरीच तपासा, १७२५४ आणि ० दिल्यावर २३०.० आलं पाहिजे. पायथॉनमध्ये स्ट्रक्ट मॉड्यूल पुरतं, सीमध्ये पॉइंटर कास्ट नको, मेमकॉपी करा. जावामध्ये शॉर्टला (१६ बिटांच्या इंटिजरला) अधिक-उणे चिन्ह असतं, खालचं रजिस्टर ३२७६७ च्या वर गेलं की ते निगेटिव्ह होऊन वरचं अर्धं पुसून टाकतं आणि नॅन ('हा आकडाच नाही') येतो, मधूनच येतो म्हणून सापडत नाही, माझे दोन अख्खे दिवस ह्यात गेलेत. खालच्या रजिस्टरला ०xएफएफएफएफ ने मास्क करा, म्हणजे त्याचे फक्त खालचे १६ बिट राहतील, आणि टेस्टमध्ये खालचं रजिस्टर ४०००० असलेली एक जोडी घालाच.

दोन्ही रजिस्टरं एकाच रिक्वेस्टमध्ये वाचा, नाहीतर अर्धं जुनं अर्धं नवं जोडलं जातं. युनिटचा काउंटर फ्लोटमध्ये असेल तर १,६७,७७,२१६ च्या पुढे एकेक युनिट मोजलं जात नाही, तिथे इंटिजर रजिस्टर मिळतंय का बघा. आणि निघताना मीटरच्या डिस्प्लेचा फोटो काढा, त्याच मिनिटाला वाचलेले कच्चे आकडे त्याच्यासोबत सेव्ह करून.